चारपैकी शून्य

घाडी सर कोणाच्याही उत्तरावर फुली मारत नसत. चुकलेल्या ओळीसमोर पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचे आणि त्या मुलाला स्टाफरूमच्या दाराशी बोलावून घ्यायचे. "ही ओळ खयसून आली, सांग." मुलगा गडबडून म्हणायचा, "सर, चुकलंय ते." "चुकलंय की नाही ते मागाहून बघू रे मेल्या. तू आधी कुठून आली ते सांग." एका प्रश्नचिन्हाला वीस मिनिटं. साठ मुलांच्या चाचणीचे पेपर त्यांना तीन आठवडे पुरायचे, आणि उपप्राचार्य म्हणून त्यांच्या मागे लागण्याचं काम माझ्या गळ्यात असायचं. मी चिडायचे. "सर, तुम्ही पेपर तपासता की चौकशी आयोग चालवता?" असं एकदा सगळ्यांसमोर बोलले. स्टाफरूम हसली. सर म्हणाले, "करतो मॅडम, आज संपवतो," आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

नव्या शिक्षकांना वाटायचं, हा माणूस पहिल्यापासून असाच असणार. तसं नव्हतं. एके काळी फुली मारण्यात त्यांच्याइतका झपाझप हात आमच्या मरोळच्या कॉलेजात कुणाचा चालत नव्हता. ती फुली का थांबली, हे फक्त मला माहीत होतं. सर गेल्या श्रावणात गेले. आता मी लिहिलं नाही तर ते कुणालाच कळणार नाही, आणि न लिहिण्यात माझीच सोय आहे, म्हणून लिहिते.

सदानंद घाडी. गाव मालवणजवळ, पण ते गणपतीतल्या चार दिवसांपुरतं. बाकी जन्म गोरेगाव पूर्वेच्या चाळीतल्या एका खोलीत गेला. वडील गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका बिल्डिंगीचे वॉचमन. सर बारीक, ताठ, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. खडूने बोटांना भेगा पडायच्या, म्हणून खडूभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून लिहायचे. तास संपला की ती पट्टी उलगडून, सरळ करून खिशात ठेवायचे. कागद फेकणं त्यांना जमत नसे. मुलांनाही कच्च्या कामाचं पान फाडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "पक्क्यात सगळेच शहाणे दिसतात. माणूस कच्च्यात कळतो."

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बारावीला डेरिव्हेटिव्ह सुरू झालं की पहिली आफत गुणाकाराची. दोन फंक्शन एकमेकांना गुणलेली दिसली की मुलं दोघांचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह काढतात आणि दोन्ही उत्तरं गुणून मोकळी होतात. दरवर्षी नवी मुलं, चूक तीच. मी वीस वर्षं फळ्यावर सूत्र लिहून त्याला चौकट आखत आले, काही उपयोग झाला नाही. एकदा पाहणीसाठी सरांच्या तासाला मागे बसले होते. त्यांनी चौकट वगैरे आखली नाही. विचारलं, "दहा बाय दहाच्या खोलीत कोण कोण राहता रे?" निम्म्या वर्गाचे हात वर. सरांचाही.

"मोरी एक, गॅस एक, माणसं दोन. सकाळी काय करता? एक मोरीत गेला की दुसरा दुधाजवळ उभा. मग हा बाहेर, तो आत. दोघं एकदम मोरीत गेलात तर?"

"दूध उतू, सर!"

"वाट लागली ना? हाच प्रॉडक्ट रूल. एकाला हलव, दुसऱ्याला गप उभा कर. मग पाळी बदल. शेवटी दोन्हींची बेरीज."

मग भागाकार, म्हणजे कोशंट रूल. "इथं मान खालच्याचा. अख्खं ओझं त्याच्या डोक्यावर. म्हणून आधी खालचा जागेवर ठेवून वरच्याला हलवायचं. मग वजा. मग वरचा जागेवर, खालच्याला हलवायचं. आणि एवढं करून सगळ्याच्या खाली परत कोण? तोच. तोही स्वतःलाच स्वतःने गुणून." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, म्हणजे खालच्याची लाईफ झंडच ना?" वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. "हो," म्हणाले. "म्हणून निदान त्याचं चिन्ह चुकवू नको."

त्या काळात ते कडक होते. उत्तर जुळलं नाही की फुली. "गणितात दया नसते, मॅडम," असं मला सांगायचे, आणि मीही मान डोलवायचे, कारण मलाही तेच वाटायचं.

बारावीच्या बोर्डाचे पेपर तपासायची एक रीत असते. परीक्षक लाल पेनाने तपासतो. त्याच्यावर मॉडरेटर असतो, तो हिरव्या पेनाने पुन्हा बघतो. सगळे नाही, काही निवडक. पण थोडक्यात नापास होणारा प्रत्येक पेपर त्याने आतून पूर्ण बघायचा आणि मगच सही करायची, हे ठरलेलं. मग गठ्ठा सीलबंद होऊन मुख्य मॉडरेटरकडे जातो. पेपरवर मुलाचं नाव नसतं, नंबर नसतो, नुसता बारकोड. कुणाचं नशीब आपल्या हातात आहे, ते आपल्याला कळू देत नाहीत, आणि ते बरंच असतं.

सरांची फुली थांबली त्या वर्षी, एप्रिलमध्ये, त्यांच्या गठ्ठ्यांची मॉडरेटर मी होते.

सर मरोळहून आरेतून गोरेगावला जाणाऱ्या बसने घरी जात. खिडकीजवळची जागा, मांडीवर पिशवी, ओठ हलताहेत. बसमध्ये ते मनात गणितं सोडवायचे. सिनेमा बघून आलेला माणूस गाणं गुणगुणतो तसं त्यांना दिवसभरातली गणितं आठवायची. त्या दिवशी गठ्ठा माझ्या ताब्यात देऊन ते निघाले, आणि एक उत्तर त्यांच्या डोक्यातून जाईना. प्रश्न नेहमीचाच होता. वर एक्सचा वर्ग आणि त्याला गुणलेला ई-रेज-टू-एक्स, खाली एक अधिक एक्स. म्हणजे भागाकाराचा नियम, आणि त्याच्या पोटात गुणाकाराचा. नियमाने गेलं तर अर्धं पान लागतं. एका मुलाने साडेतीन ओळींत संपवलं होतं. भागाकाराचा नियम लावलेलाच नव्हता. शेवटची ओळ मॉडेल आन्सरशी जुळत नव्हती. समासात काहीतरी खरडून काट मारलेली होती. सरांनी फुली मारली होती. चारपैकी शून्य.

बस आरेत शिरली, आणि ती काट मारलेली खरड काय होती ते सरांना दिसलं. त्या मुलाने आधी भागून टाकलं होतं. एक्सच्या वर्गाला एक अधिक एक्सने सरळ भागलं, खालचं ओझं आधीच हलकं करून घेतलं, आणि मग नुसत्या गुणाकाराच्या नियमाने उत्तर काढलं. सर मध्येच एका युनिटच्या, म्हणजे आरेतल्या गोठेवस्तीच्या, स्टॉपवर उतरले. तबेल्यासमोरच्या कठड्यावर बसून खिशातली खडूची पट्टी काढली आणि तिच्या कोऱ्या कडेवर दोन्ही रीतींनी गणित सोडवलं. दोन्ही उत्तरं एकच निघाली. फक्त वेगळी दिसत होती.

ते उलटी बस पकडून कॉलेजात परत आले, तर गठ्ठा गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते माझ्या घाटकोपरच्या दारात उभे. हातात ती पट्टी.

"मॅडम, तो बरोबर आहे."

"कोण?"

"नाव कुठं माहीत आहे? पण बरोबर आहे. तीन मार्कांनी राहिलाय तो. आणि हे चार आहेत. सगळ्या पेपरात एवढंच एक गणित त्याने स्वतःच्या डोक्याने केलं होतं, मॅडम. ह्या कोणी शिकवूक नाय त्याला. मीसुद्धा कधी शिकवलं नाही कोणाला."

त्या रविवारी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. घरात पाहुणे, हॉलवाल्याचे फोन. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "सर, गठ्ठा कालच गेला. आणि चार मार्कांनी कुणाचं काय बिघडतंय? फेरपरीक्षा देईल."

त्यांनी पट्टीची घडी केली. "बरं," म्हणाले आणि एकटेच मुख्य मॉडरेटरकडे गेले. तिथे दोन तास बसवून ठेवल्यावर त्या गृहस्थांनी मला फोन लावला. "मॅडम, तुमचे एक परीक्षक आलेत. सीलबंद गठ्ठा उघडा म्हणतात. काठावरचे पेपर तुम्ही बघितलेत ना? तुम्हाला शंका असेल तर उघडतो. नाहीतर मी नाही हात लावणार."

मी म्हणाले, "बघूनच सही केलीय."

बघितला नव्हता. पहिल्या पानावरची बेरीज तपासली होती, आतलं एक पान उलटलं नव्हतं. त्या दिवशी माझ्यापुढे अजून तीन गठ्ठे होते आणि साडीच्या दुकानात मुलगी वाट बघत होती. शंका आहे म्हटलं असतं तर गठ्ठा उघडला असता, आणि मग ती हिरवी सही कशी झाली हेही कुणीतरी विचारलं असतं. तीन शब्दांत मी तो दरवाजा लावून घेतला. सर तेव्हा फोनपलीकडे, त्या गृहस्थांच्या समोरच बसले होते.

निकाल लागल्यावर सरांना एक आशा होती. मुलाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, फेरतपासणीचा अर्ज केला, तर पेपर पुन्हा बाहेर येणार आणि मॉडरेटर म्हणून मला विचारणा होणार. जूनभर ते रोज मला विचारायचे, "आलं का काही?" मी म्हणायचे, "नाही." जुलै उजाडला. एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. डबा तसाच उघडा ठेवून ते म्हणाले, "त्याने अर्जच केला नाही, मॅडम. माझी फुली बघायची पण त्याला गरज वाटली नाही. त्याला वाटलं असणार, आपलंच चुकलं."

मी त्यांच्या डब्याकडे बघत बसले. सुरमईचा तुकडा होता, त्याला हात लावलेला नव्हता.

त्यानंतर त्यांनी बोर्डाचे पेपर घेतले नाहीत. तब्येतीचं कारण लिहून दिलं. आणि गोरेगावात गणपती मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत बारावीला गणितात नापास झालेल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. रविवारी सकाळी, फुकट. लोकांना वाटलं, मास्तरांना समाजसेवेचं वेड लागलं. त्यांना ते मूल शोधायचं होतं. त्यांच्याजवळ एकच खूण होती, त्याचा एक्स. आपण साधारण दोन तिरक्या रेघा मारतो. सरही तसाच काढायचे, सरळ कात्रीसारखा. त्या मुलाचा एक्स दोन अर्धगोलांचा होता, पाठीला पाठ लावून बसलेला. नवीन मुलगा आला की सर म्हणायचे, "वहीत एक ओळ लिहून दाखव. काही पण. एक्स असू दे त्यात." आणि चष्मा कपाळावर चढवून बघायचे. मग म्हणायचे, "बस." एक्स जुळला नाही म्हणून त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. वर्षाला पंधरा-वीस मुलं पास होऊन जायची. पेढे यायचे. सर पेढा खायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा नव्या वह्या बघायचे.

मी एकदा म्हटलं, "सर, ते मूल पुण्यात असेल, नागपुरात असेल. गठ्ठे कुठून कुठे जातात."

"असेल," ते म्हणाले. "पण मी इथं आहे. मी दुसरीकडे कुठं बघू?"

दोनेक वर्षांनी कुर्ल्याच्या एका शिक्षकाने त्यांना माहुलच्या मुलीबद्दल सांगितलं. प्रतीक्षा तिचं नाव. झोपडी तुटल्यावर त्या लोकांना रिफायनरीजवळच्या बिल्डिंगीत घरं मिळाली होती. आई दम्याने अंथरुणाला खिळलेली, म्हणून मुलगी परीक्षेला पुन्हा बसलीच नव्हती. नापास त्याच वर्षीची. आणि त्या शिक्षकाने सहज म्हटलं होतं, अक्षर मोठं गंमतीदार, एक्स तर फुलपाखरासारखा काढते. सरांनी मला सोबत चला म्हटलं. पहिल्यांदाच काही मागितलं होतं, मी गेले.

सातवा मजला, लिफ्ट बंद. जिन्यातच रिफायनरीचा वास नाकात भरला, आणि सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत माझं डोकं धरलं. खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती, श्वास मोजून बोलत होती. मुलीने वही पुढे केली. पाठीला पाठ लावलेले दोन अर्धगोल. सरांनी चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितलं.

"बाय गं, त्या वर्षी तो एक प्रश्न आला होता बघ," त्यांनी प्रश्न लिहून दाखवला. "तू काय लिहिलं होतंस?"

मुलीने बराच वेळ बघितलं. "हा मी सोडला होता, सर. कोरं पान ठेवलं. मला काहीच येत नव्हतं तेव्हा."

"आठवून बघ. समासात काही खरडलं होतंस?"

"नाही, सर. खरंच नाही."

त्यांनी वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि खाली बसून तिला गुणाकाराचा, भागाकाराचा नियम शिकवायला लागले, मोरी, दूध सगळं. तिच्यासाठी ते सात महिने दर शनिवारी माहुलला जात राहिले. ती पास झाली. पण त्या दिवशी जिना उतरताना चौथ्या मजल्यावर थांबून ते म्हणाले, "ती नाही म्हणाली तेव्हा मला राग आला, मॅडम. तिचा. आई तशी बसलेली, आणि मला राग कसला आला, तर तुझा पेपर तो कसा नाही म्हणून. काय माणूस झालोय मी!"

आणि मग कठडा धरून म्हणाले, "एक आधार आहे. तुम्ही बघून सही केलीत. तुमच्या डोळ्यांना सुद्धा ते चुकीचंच दिसलं. म्हणजे कदाचित त्याचं वर कुठेतरी चिन्ह चुकलेलं असेल, आणि मलाच आता ते बरोबर असल्यासारखं आठवतंय. असं होऊ शकतं ना?"

मी म्हणाले, "होऊ शकतं." तेव्हा सांगायला हवं होतं. त्या जिन्यात, त्या वासात, एवढंच एक खरं काम माझ्या हातात होतं, आणि मी म्हणाले, होऊ शकतं, चला, उशीर होतोय. त्या आधारावर मी त्यांना अजून सात वर्षं लटकत ठेवलं.

ते निवृत्त झाले, मग मी झाले. त्यांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रविवारचा वर्ग बंद पडला. गेल्या आषाढात त्यांच्या पत्नीचा, नलूताईंचा फोन आला. "येऊन जावा एकदा. तुमची आठवण काढतत."

चाळीच्या जागी झालेल्या बिल्डिंगीत नवव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं होतं. लिफ्टसमोरच दार, दारासमोरच हॉलमध्ये कॉट. सर उशीला टेकून बसले होते. हात एवढेसे झालेले. खिडकीतून लांबवर आरेची झाडं दिसत होती. नलूताई चहा ठेवायला आत गेल्या आणि सरांनी वेळ न घालवता विचारलं, "मॅडम, तो प्रश्न तुम्ही बघितला होतात ना? आता नक्की सांगा. तुम्हाला काय चुकीचं दिसलं होतं त्यात?"

मी म्हणाले, "मी बघितला नव्हता, सर. पान उलटलंच नव्हतं. फोनवर खोटं बोलले."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे त्याचा पेपर कोणी तपासलाच नाही," मग ते म्हणाले. "मी फुली मारली. तुम्ही सही केली. तपासला कोणीच नाही."

मग त्यांनी कागद मागितला, खाली धरायला पाट मागितला. मुलाचं उत्तर त्यांना जसंच्या तसं पाठ होतं. समासातली खरड, तिच्यावरची काट, मग साडेतीन ओळी. पंधरा मिनिटं लागली. पेन दोनदा हातातून निसटलं. कागद माझ्याकडे सरकवला तेव्हा मी पाहिलं, त्यातले सगळे एक्स पाठीला पाठ लावलेले होते. मी उशाशी पडलेल्या डायलिसिसच्या वहीकडे बघितलं. तिथेही त्यांनी स्वतःसाठी कुठलं तरी गणित मांडलं होतं, आणि तिथेही तोच एक्स. इतकी वर्षं शोधता शोधता त्यांचा हातच तसा झाला होता.

"तपासा," ते म्हणाले, आणि लाल पेन पुढे केलं.

मी तपासलं. चाळीस वर्षं गणित शिकवून त्या साडेतीन ओळींना मला दहा मिनिटं लागली. भागाकार बरोबर. गुणाकाराचा नियम बरोबर, एक हलवलेला, दुसरा उभा. चिन्ह बरोबर. शेवटची ओळ बरोबर. मी समासात चारपैकी चार लिहिले.

"सही."

मी सही केली.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि आकडा बघितला. "आता हे द्यायचं कुणाला, मॅडम?"

चहा तसाच ठेवून मी उठले. नलूताई दारापर्यंत आल्या, त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टचं दार मिटेपर्यंत मला कॉट दिसत होती. सरांनी तो कागद एका हातात दाराच्या दिशेने धरला होता, वर्गात नाव पुकारून पेपर परत देताना धरायचे तसा.